हात न पोचणारे कडे

खडक वाचायचा तर तो उघडा पडलेला असावा लागतो. नदीने कापलेली दरी, लाटांनी झोडपलेला किनारा, रस्त्यासाठी फोडलेला डोंगर, खाणीची भिंत, अशा ठिकाणी मातीखालचा खडक नजरेस येतो. भूवैज्ञानिक त्याला दृश्यांश म्हणतात. बोलताना सर्रास आउटक्रॉप. जुने समुद्र, जुन्या नद्या, विझलेले ज्वालामुखी यांविषयी आपण जे काही खात्रीने सांगतो, त्याचा पाया या उघड्या खडकांत आहे. अडचण अशी की उत्तम आउटक्रॉप बहुधा उभे कडे असतात. दोनशे मीटरच्या कड्यावर अभ्यासकाच्या हाताला लागते ती पायथ्याची दोन मीटरची पट्टी. वरचा सगळा कडा दुर्बिणीतून पाहायचा, वहीत रेखाटायचा, फोटोवर रेघा ओढायच्या. डेव्हिड ब्रंटन यांनी १८९४ साली पेटंट घेतलेले खिशातले होकायंत्र, हातोडा, भिंग आणि वही एवढ्या सामग्रीवर शंभर वर्षे काम झाले, आणि उत्तम झाले. पण ते हात पोचेल तिथपर्यंतच होते.

गेल्या पंचवीस वर्षांत या सामग्रीत एका मोठ्या साधनाची भर पडली. कड्याचे त्रिमितीय डिजिटल मॉडेल करायचे, ते संगणकावर फिरवायचे, जवळ आणायचे आणि त्यावरच थरांची जाडी, भेगांची दिशा, प्रस्तरभंगाची सरक मोजायची. या पद्धतीने काय साधले, ती कुठे थिटी पडते आणि सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर राहणाऱ्या आपल्याला तिचा उपयोग काय, याचा हा आढावा. या मॉडेलांचे देखणेपण सर्वांना भुलवते. मला मात्र त्यांचे खरे मोल दुसरीकडे दिसते: एकाने पाहिलेला पुरावा दुसऱ्याला जसाच्या तसा तपासता येणे ही भूविज्ञानात आजवर दुर्मीळ असलेली गोष्ट त्यांनी शक्य केली आहे.

लेझरपासून ड्रोनपर्यंत

सुरुवात लायडारने झाली. तिपाईवरचे यंत्र लेझरचा स्पंद सोडते, तो खडकावर आपटून परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढते आणि हेच काम सेकंदाला हजारो वेळा करते. त्यातून कड्याच्या पृष्ठभागावरच्या कोट्यवधी बिंदूंचा संच तयार होतो, त्याला पॉइंट क्लाउड म्हणतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हे यंत्र भूवैज्ञानिकांच्या हाती आले. २००५ साली जेरोम बेलियन, चार्ल्स केरन्स आणि डेव्हिड जेनेट यांनी स्तरविज्ञानासाठी त्याचा वापर कसा करायचा हे सविस्तर मांडले आणि ‘डिजिटल आउटक्रॉप मॉडेल’ हा शब्दप्रयोग रुळला. पण यंत्र महाग आणि जड होते, चालवायला तरबेज माणूस लागे. मोठे संशोधन गट आणि तेल कंपन्या सोडल्या तर ते कोणाला परवडत नव्हते.

दुसरे वळण साध्या कॅमेऱ्याने दिले. फोटोंवरून मोजमाप करण्याची विद्या जुनी आहे; फ्रान्सच्या एमे लॉसदा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच ती नकाशांसाठी वापरली. मात्र तिला खास कॅमेरे आणि त्यांच्या जागांची आधीच नोंद लागत असे. ‘स्ट्रक्चर फ्रॉम मोशन’ या तंत्राने ही अट काढून टाकली. एकच वस्तू वेगवेगळ्या जागांवरून टिपली, तर फोटोंतल्या बदलांवरून वस्तूचा आकार आणि कॅमेऱ्याच्या जागा दोन्ही एकदमच काढता येतात. त्यासाठी दोन फोटोंतला एकच बिंदू ओळखावा लागतो, तोही अंतर आणि कोन बदललेला असताना. डेव्हिड लोव यांनी १९९९ साली मांडलेल्या सिफ्ट पद्धतीने हे काम संगणकावर सोपवता आले. २०१२ साली मॅट वेस्टोबी आणि सहकाऱ्यांनी, तसेच माइक जेम्स आणि स्टुअर्ट रॉबसन यांनी ही पद्धत भूविज्ञानाला कशी लागू पडते हे दाखवले. वेस्टोबींच्या चाचणीतला एक कडा वेल्समधल्या अॅबरिस्टविथचा होता. साध्या कॅमेऱ्याचे मॉडेल लायडारच्या मॉडेलाशी डेसिमीटरच्या आसपास जुळले. पाठोपाठ स्वस्त ड्रोन आले आणि कॅमेरा कड्यासमोर अधांतरी उभा करता येऊ लागला. मोठ्या संस्थांपुरते असलेले हे साधन मग कोणत्याही महाविद्यालयाच्या आवाक्यात आले.

मॉडेल कसे घडते

प्रत्यक्ष काम कसे होते ते पाहू. आधी कड्यावर आणि आजूबाजूला काही खुणा ठरवतात, त्यांची जागा अचूक जीपीएसने नोंदवतात. हे कंट्रोल पॉइंट. मग ड्रोन कड्याला समांतर पट्ट्यांत उडवतात आणि लागोपाठच्या फोटोंत साठ ते ऐंशी टक्के भाग सामाईक राहील असे फोटो घेतात. कॅमेरा थेट खाली रोखून उपयोग नाही. वरून पाहिले तर दोनशे मीटरचा उभा कडा नुसत्या एका रेषेत मावतो आणि पुढे झुकलेल्या खडकाखालचे काहीच दिसत नाही. म्हणून काही फोटो समोरून, काही डावी-उजवीकडून, काही खालून वर असे घ्यावे लागतात. सगळे फोटो समांतर घेतले तर आणखी एक दोष शिरतो: सपाट जमीनही मधोमध फुगलेली दिसते. जेम्स आणि रॉबसन यांनी २०१४ साली या दोषाचे मूळ दाखवले. तिरप्या कोनांतले फोटो मिसळणे हा त्यावर चांगला उपाय.

पुढे संगणक सामाईक बिंदू जुळवतो, दाट पॉइंट क्लाउड उभा करतो, बिंदूंना जोडून त्रिकोणांची जाळी विणतो आणि जाळीवर फोटो चढवतो. चांगल्या मॉडेलात सेंटिमीटरभर रुंदीची भेगही ओळखू येते. क्लाउडकंपेअरसारखे मोफत सॉफ्टवेअर, नॉर्वेतल्या बर्गनच्या गटाचे लाइम, मँचेस्टरमध्ये घडलेले व्हीआरजीएस ही त्यावर मोजमाप करण्याची साधने आता रुळली आहेत.

मोजमापाचे गणित सोपे, पण फसवे आहे. कोणत्याही थराचा उतार, म्हणजे डिप, काढायचा तर त्याच थरावरचे तीन बिंदू पुरतात. तिन्हींतून एकच प्रतल जाते. मात्र ते तीन बिंदू जवळपास एका रेषेत असले, तर त्या रेषेभोवती प्रतल हवे तसे फिरवता येते आणि संगणक जो आकडा देईल त्याला अर्थ उरत नाही. महामार्गाच्या सपाट कापलेल्या भिंतीवर नेमके हेच होते: थर तिथे एक सरळ रेघ म्हणून दिसतो. थराची खरी दिशा कळायला भिंतीत खाचा, कोपरे, पुढे-मागे झालेले भाग लागतात. मॉडेल कितीही बारीक असले, तरी खडकाने जी बाजू दाखवली नाही तिचे माप ते देऊ शकत नाही.

बुक क्लिफ्सचा धडा

या अभ्यासाचे माहेरघर अमेरिकेच्या युटा राज्यात आहे. बुक क्लिफ्स ही तीनशे किलोमीटरच्या आसपास पसरलेली कड्यांची रांग. सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेच्या मधोमध उथळ समुद्र होता. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर साचलेली वाळू, चिखल आणि कोळसा इथे थरांनी उभा आहे. कोरड्या हवेमुळे झाडोरा जवळपास नाही. किनारा पुढे कसा सरकला, समुद्र परत कसा आत आला, याचे पाठ्यपुस्तकी पुरावे इथून आले.

तेल कंपन्यांनी इथे पैसा घातला त्यामागे एक ठोस अडचण होती. जमिनीखालचे तेल-वायूचे साठे शोधताना दोन साधने हाती असतात. भूकंपलहरींच्या सर्वेक्षणात दोन-तीन किलोमीटर खोलीवरचे दहा-वीस मीटरपेक्षा पातळ थर वेगळे दिसत नाहीत. विंधनविहिरीत सगळे बारकावे दिसतात, पण हातभरही रुंद नसलेल्या छिद्रापुरते, आणि दोन विहिरींमध्ये किलोमीटरचे अंतर असते. वालुकाश्माची पट्टी मध्येच संपते की पुढच्या विहिरीपर्यंत जाते, मध्ये चिखलाचा पडदा आहे की नाही, हे दोन्ही साधने सांगत नाहीत आणि तेल वाहणार की अडणार ते तर याच गोष्टीवर ठरते. तशाच प्रकारचा खडक जिथे उघडा पडला आहे तिथे जाऊन त्याची रुंदी, जाडी, सलगता मोजणे हा मार्ग उरतो. बर्गनच्या गटाने हेलिकॉप्टरवर लेझर बसवून युटातले कडे मोजले, आणि नदीपात्रांच्या वाळूचे आकार आकड्यांत मांडता आले. हेच आकडे आता भूजलाच्या आणि कार्बन डायऑक्साइड जमिनीत साठवण्याच्या आराखड्यांना लागतात, कारण पाणी आणि वायूही त्याच वाटांनी जातात.

वळ्या, भेगा आणि ढासळणारे कडे

खडकांच्या रचनेचा अभ्यास करणाऱ्यांनी पहिला प्रश्न रास्त विचारला: संगणकावरचे माप होकायंत्राच्या मापाएवढे खरे असते का? वेल्सच्या पेंब्रोकशायर किनाऱ्यावर स्टॅकपोल की इथे एक सुरेख वळी आहे. अॅडम कॉवूड आणि सहकाऱ्यांनी तिच्यावर लायडार, जमिनीवरून घेतलेले फोटो, ड्रोन आणि होकायंत्र या सगळ्यांची तुलना करून २०१७ साली निष्कर्ष छापले. डिजिटल पद्धतींत ड्रोनचे मॉडेल सर्वांत भरवशाचे ठरले. जमिनीवरून केलेल्या मापांत दोष होते, त्याचे कारण आडोसे: खालून पाहणाऱ्याला पुढे आलेल्या खडकामागचे दिसत नाही. महागडे यंत्र चांगले, हा समज इथे मोडला. कोणत्या जागेवरून पाहिले हे यंत्राच्या किमतीपेक्षा मोलाचे ठरले.

कडे ढासळण्याच्या अभ्यासात तर या पद्धतीने दृष्टीच बदलली. एकाच कड्याची काही महिन्यांच्या अंतराने दोन मॉडेल घ्यायची आणि एकातून दुसरे वजा करायचे. जिथे फरक, तिथे खडक निसटला. इंग्लंडच्या नॉर्थ यॉर्कशायर किनाऱ्यावर डरम विद्यापीठाच्या निक रॉसर आणि सहकाऱ्यांनी अशी सलग निरीक्षणे केली. मोठा भाग कोसळण्याआधी त्याच्या कडेने लहान-लहान दगड पडण्याचे प्रमाण वाढते, असे त्यांना दिसले. मोठ्या दरडीची चाहूल देणारी खूण म्हणून ही पडझड महत्त्वाची आहे. खडबडीत पृष्ठभागावरचा खरा बदल आणि मोजमापातली चूक वेगळी काढायला दिमित्री लाग आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली मांडलेली पद्धत आज सर्वत्र वापरात आहे. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीत तर जुन्या फोटोंवरून मॉडेल उभारून, त्यांची आजच्या लेझर मापांशी तुलना करून, चार दशकांतली पडझड मोजली गेली. मॉडेलचा विचारही नसताना काढलेले फोटो असे पुरावा म्हणून कामी आले.

ध्रुवीय रात्र आणि मंगळ

जिथे जाता येत नाही तिथे मॉडेलशिवाय पर्यायच नसतो. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर हिवाळ्यात महिनोन् महिने सूर्य उगवत नाही, आणि बर्फ वितळून खडक दिसतो तो थोडे आठवडे. तिथल्या विद्यापीठ केंद्राने स्वालबॉक्स या नावाने कड्यांच्या मॉडेलांचा संग्रह केला. उन्हाळ्यात टिपलेले कडे विद्यार्थी अंधाराच्या महिन्यांत अभ्यासतात. २०२० साली करोनाने जगभरच्या शैक्षणिक सहली थांबवल्या तेव्हा असे संग्रह अचानक सर्वांच्या गरजेचे झाले. ज्या विद्यार्थ्याला अपंगत्वामुळे डोंगर चढता येत नाही, त्याच्यासाठी ते टाळेबंदी संपल्यावरही तितकेच गरजेचे आहेत.

मंगळावर तर सगळेच भूविज्ञान असे दुरून चालते. पर्सिव्हिअरन्स रोव्हर फेब्रुवारी २०२१ मध्ये जेझेरो विवरात उतरला. सुमारे दोन किलोमीटर लांबून त्याने कोडियाक नावाची टेकडी टिपली. तिच्यात खाली आडवे, मध्ये तिरपे, वर पुन्हा आडवे असे थर दिसले. नदी सरोवराला मिळताना गाळ असाच रचत जाते. त्या विवरात एकेकाळी सरोवर होते आणि तिथे त्रिभुज प्रदेश होता, या मताला त्यातून भक्कम आधार मिळाला. रोव्हरच्या जोडकॅमेऱ्यांच्या फोटोंतून केलेल्या मॉडेलांवर असे थर मोजायला व्हिएन्नात घडलेले प्रो-थ्रीडी हे सॉफ्टवेअर वापरतात.

जे मॉडेलात येत नाही

एवढे सांगितल्यावर मर्यादाही तितक्याच ठामपणे सांगायला हव्यात. मॉडेल आकार आणि रंग देते. खडक कोणता आहे हे ते सांगत नाही. वाळूचा कण किती मोठा, चुनखडकावर आम्ल टाकल्यावर फेस येतो का, सुरीने ओरखडा उठतो का, ताज्या फुटीचा रंग कोणता, हे प्रश्न हाताने आणि भिंगानेच सुटतात. दगडफूल, शेवाळ, गंज आणि ओल यांनी खडकाचा बाहेरचा रंग बदललेला असतो, आणि फोटोत येतो तो बाहेरचाच. अनेक तरंगलांबींत पाहणारे कॅमेरे ही उणीव काही अंशी भरतात. स्पेनच्या उत्तरेकडच्या पोझालागुआ खाणीत चुनखडक आणि डोलोमाइट त्यांनी वेगळे करून दाखवले आहेत. तरी नमुना फोडून तपासल्याशिवाय त्या निष्कर्षावरही शिक्कामोर्तब होत नाही.

दुसरा धोका जास्त सूक्ष्म आहे. जिथे फोटो अपुरे पडले तिथे सॉफ्टवेअर भोके बुजवते आणि पृष्ठभाग गुळगुळीत करून टाकते. पाहणाऱ्याला खरा खडक आणि भरलेली जागा यांतला फरक कळत नाही. मॉडेल जितके देखणे, तितका त्यावर विश्वास बसतो. म्हणून किती फोटो, किती कंट्रोल पॉइंट, चूक किती सेंटिमीटरची, कोणता भाग विरळ, ही माहिती मॉडेलबरोबर दिलीच पाहिजे. ती नसेल तर ते मॉडेल प्रदर्शनात ठेवायला ठीक, मोजायला नाही.

संगणकाने आपोआप भेगा ओळखण्याचे प्रयत्नही जोरात आहेत आणि हजारो भेगा मिनिटांत मोजल्या जातात. पण कोणती भेग डोंगर घडताना पडली, कोणती सुरुंगाने फुटली, हे ठरवायला अजून अनुभवी डोळाच लागतो.

पुरावा सर्वांपुढे

भूविज्ञानात एकच चित्र पाहून जाणकार वेगवेगळे अर्थ लावतात, हे किती खरे आहे याची मोजदाद क्लेअर बॉंड आणि सहकाऱ्यांनी २००७ साली केली. उत्तर आधीच ठाऊक असलेले एक कृत्रिम भूकंपलहरी-चित्र त्यांनी ४१२ भूवैज्ञानिकांपुढे ठेवले. मूळ रचना ओळखणारे निघाले फक्त २१ टक्के. ज्याने ज्या प्रकारच्या प्रदेशात काम केले होते, त्याला चित्रात बहुधा तेच दिसले. कड्याकडे पाहणारा डोळाही याला अपवाद नाही. पूर्वी एखाद्याने वहीत काढलेले रेखाचित्र छापले की वाचकाने त्यावर विश्वास ठेवायचा किंवा स्वतः तिथवर जायचे. मॉडेल खुले असेल तर वाचक त्याच कड्यावर स्वतःची रेघ ओढतो, थराची जाडी पुन्हा मोजतो, आणि पटले नाही तर नेमके कुठे पटले नाही ते बोट ठेवून सांगतो. बर्गन आणि अॅबर्डीनच्या गटांनी चालवलेला व्ही-थ्री-जिओ, ब्रिटनमधला ई-रॉक, स्वालबॉक्स, हे खुले संग्रह म्हणूनच मला एखाद्या नव्या यंत्राहून मोठी प्रगती वाटतात.

सह्याद्रीचे काय?

आपल्याकडे याची गरज उघड आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ओतलेल्या लाव्हाचे थर दख्खनच्या पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरले आहेत, आणि त्यांचा सर्वांत उंच छेद पश्चिम घाटाच्या कड्यांत आहे. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आतल्या बाजूला वळलेला. तिथे हातोडा घेऊन कोण जाणार? १९८० च्या दशकात के. व्ही. सुब्बाराव, पीटर हूपर, कीथ कॉक्स आदी संशोधकांनी नमुने गोळा केले ते बहुतेक घाटरस्त्यांच्या कडेने. त्यांतूनच कळसुबाई, लोणावळा आणि वाई या उपगटांची आजची मांडणी उभी राहिली. दोन घाटरस्त्यांमध्ये मैलोन् मैल कडे आहेत, आणि एका घाटात ओळखलेला थर पुढच्या घाटात कोणत्या उंचीवर आहे हे त्या कड्यांवरूनच सलग पाहत जाता येईल. दोन थरांमधली तांबडी, गेरूसारखी पट्टी, पोकळ्यांत झिओलाइट भरलेला ठिसूळ मांजऱ्या खडक, थरांना छेदून जाणाऱ्या डाइकच्या उभ्या भिंती, हे सारे चांगल्या मॉडेलात ओळखू येते.

मात्र दोन गोष्टींचे भान हवे. दख्खनच्या थरांची विभागणी मुख्यतः रासायनिक घटकांवर झाली आहे, आणि रसायन कॅमेऱ्याला दिसत नाही. मॉडेलने थर जोडायचा आणि प्रयोगशाळेने त्याची ओळख पटवायची, असे जोडीने काम व्हायला हवे. दुसरे म्हणजे इथले थर जवळपास आडवे आहेत. त्यांचा उतार बहुतेक ठिकाणी एका अंशाहून कमी. मॉडेलच जर एका अंशाने कलले, तर एका किलोमीटरवर उंचीत सुमारे १७ मीटरचा फरक पडतो आणि अभ्यासक नकळत खालच्या किंवा वरच्या थरावर जाऊन पोचतो. मोबाइलच्या जीपीएसवर विसंबून केलेले मॉडेल इथे निरुपयोगी आहे. अचूक कंट्रोल पॉइंट ही सह्याद्रीतली पहिली अट.

२०१९ साली ‘सायन्स’मध्ये दख्खनच्या वयाविषयी एकाच वेळी दोन शोधनिबंध आले. एका गटाने तांबड्या पट्ट्यांतल्या झिरकॉनवरून वय काढले, दुसऱ्याने आर्गॉनच्या समस्थानिकांवरून. उद्रेक दहा लाख वर्षांच्या आत आटोपले यावर दोघांचे एकमत. ते झटक्याझटक्याने झाले की सलग, आणि डायनोसॉरांच्या अंताशी नेमके कसे जुळतात, यावर मतभेद. अशा वादात नमुना कोणत्या थराच्या कोणत्या उंचीवरून उचलला हे कळीचे असते. ती जागा खुल्या मॉडेलावर खुणावलेली असेल, तर पुढचा संशोधक तिथेच हात घालू शकेल.

दरडींचा प्रश्न तर जिवाचा आहे. माळीण, तळिये आणि इर्शाळवाडी या दुर्घटनांत मुख्यतः माती-मुरूम वाहून आला. त्यांचे गणित वेगळे. पण खंडाळ्याच्या घाटात दगड सुटणे, कोकण रेल्वेवर २००३ साली वैभववाडीजवळ आणि २००४ साली करंजाडीजवळ दगड-दरडींमुळे झालेले जीवघेणे अपघात, परशुराम घाटातली पडझड, या घटना कापलेल्या खडकाच्या भिंतींशी थेट जोडलेल्या आहेत. दर वर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर अशा भिंतींची मॉडेल घेऊन त्यांची वजाबाकी केली, तर सुटत चाललेला खडक आकड्यांत दिसेल. फेब्रुवारी २०२१ मधल्या नव्या भूस्थानिक मार्गदर्शक तत्त्वांनी आणि त्याच वर्षीच्या ड्रोन नियमांनी परवानग्यांचा जाच बराच कमी केला आहे.

माझा सर्वांत मोठा आग्रह मात्र वेगळा आहे. रस्ते रुंद होताना कोकणात आणि घाटात ताजा, स्वच्छ खडक उघडा पडतो. असा छेद शतकातून एखाद्या वेळी मिळतो. सुरक्षेसाठी लवकरच त्यावर जाळी लागते, सिमेंटचा थर फवारला जातो, आणि ते योग्यच आहे. पण तो झाकण्यापूर्वी कंट्रोल पॉइंटसह फोटो घेऊन ठेवायला फार तर दोन-तीन दिवस लागतात. जवळच्या महाविद्यालयातले भूविज्ञानाचे विद्यार्थी हे काम करू शकतात. कंत्राटात तशी एक अट घालावी आणि मॉडेल, मूळ फोटो आणि मॉडेलातली चूक किती याची नोंद एखाद्या विद्यापीठाच्या खुल्या संग्रहात जमा करावी. आज आपण त्या थरांचा जो अर्थ लावू तो कदाचित चुकेल. तो चुकला हे दाखवण्यापुरता पुरावा पुढच्या अभ्यासकांसाठी राखून ठेवणे आपल्या हातात आहे, आणि त्याला आता खर्चाची सबब उरलेली नाही.